तापातला लोहाचा आकडा

पावसाळा लागला की भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकातही तापाचे रुग्ण वाढू लागतात. डेंग्यू-मलेरियासाठी रक्त द्यायचेच आहे, तर सवलतीतले ‘फुल बॉडी’ पॅकेजही उरकून घेऊ, असा हिशेब अनेक घरांत होतो. मग मोबाइलवर अहवाल येतो: लोह कमी, जस्त कमी, फेरिटिन मात्र जास्त. घाबरलेले कुटुंब थेट औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते. अहवाल खोटा नसतो. तपासणीची वेळ चुकलेली असते.

शरीरात जंतू शिरले की दाह सुरू होतो. जंतूंनाही वाढायला लोह लागते. म्हणून शरीर गनिमाची रसद तोडते. दाहाच्या संदेशामुळे यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते. ते लोह पेशींबाहेर पडण्याची वाट बंद करते. जुन्या तांबड्या पेशींतून सुटलेले लोह भक्षक पेशींत अडकते, आतड्यातून होणारे शोषणही मंदावते. काही तासांतच रक्तातले लोह घसरते. ते शरीरातून गेलेले नसते, कोठारात कुलूपबंद झालेले असते. जस्तही रक्तातून यकृताकडे वळवले जाते. तांब्याचे मात्र उलट असते: ते वाहून नेणारे सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन दाहात वाढते, त्यामुळे रक्तातले तांबेही वाढलेले दिसते.

खरा धोका फेरिटिनच्या आकड्यात आहे. एरवी फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचे माप. पण दाहात ते साठा नसतानाही वाढते. म्हणजे जिच्या शरीरात लोह खरोखरच संपत आले आहे, अशा स्त्रीचा अहवालही तापात ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वेगळ्या मर्यादा दिल्या. निरोगी प्रौढात फेरिटिन लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर लोहकमतरता. संसर्ग किंवा दाह असेल तर हीच मर्यादा 70. या दोन आकड्यांमधल्या फटीत कितीतरी रुग्ण निसटू शकतात.

महाराष्ट्राला हे परवडणारे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण 68.9 टक्के होते. क्षयरोग, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार यांत दाह महिनोन्‌महिने टिकतो. अशा वेळी गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, कारण आतड्याची वाटच अडलेली असते. तिथे आधी मूळ आजारावर उपचार हवेत. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मुलांच्या फेरिटिनसोबत दाह दाखवणारे सीआरपीही मोजले गेले होते. सर्वेक्षणाला जमते, ते गल्लीतल्या प्रयोगशाळेला का जमू नये?

फेरिटिन तपासताना सीआरपीही तपासावे, नमुना घेताना ‘सध्या किंवा नुकताच ताप होता का’ हे विचारावे आणि उत्तर अहवालावर छापावे. पॅकेजची जाहिरात करणाऱ्यांनी एवढी जबाबदारी घ्यायलाच हवी. रुग्णांनीही तापात केलेली लोह-जस्ताची तपासणी अंतिम मानू नये. बरे झाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. मात्र गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या किंवा अतिसार झालेल्या बाळाला दिलेले जस्त या कारणाने परस्पर थांबवू नये. परस्पर गोळी सुरू करणे जितके चुकीचे, तितकेच ती परस्पर बंद करणेही.