पाठीतली सुई आणि डोक्यात चढलेली हवा



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, भूम, वाशी भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळ्या वाहून कंबर धरते. मग कोणी मणक्यात सुई घेते. सिझेरियनच्या वेळीही पाठीत सुई देऊनच भूल देतात. त्यानंतर एखादीचे डोके असह्य दुखू लागले, की घरचे म्हणतात, "बाहेरचं झालं, अंगारा लावा." हे बाहेरचे नाही. याला कारण आहे आणि उपायही.

मणक्यात मज्जारज्जूभोवती पाण्यासारख्या द्रवाची पिशवी असते. ती थेट मेंदूपर्यंत गेलेली असते. 'एपिड्युरल' प्रकारात सुई या पिशवीच्या बाहेरच थांबवायची असते. नेमकी जागा ओळखण्यासाठी काही डॉक्टर सिरिंजमधून थोडी हवा सोडतात. अशा वेळी पिशवीला भोक पडले, तर हवा आत शिरून कवटीत चढते. म्हणून पुष्कळ डॉक्टर हवेऐवजी सलाईन वापरतात. असे क्वचितच घडते. तेव्हा गरज असताना सुईला घाबरू नका.

हवेमुळे होणारी डोकेदुखी एकदम, बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत सुरू होते. सी.टी. स्कॅनमध्ये हवा दिसते. रुग्णाला झोपवून ऑक्सिजन देतात. बहुतेकांची हवा काही दिवसांत आपोआप जिरते.

दुसरी डोकेदुखी जास्त आढळते. भोकातून द्रव झिरपतो, एक-दोन दिवसांनी डोके दुखू लागते. बसले की वाढते, आडवे झाले की कमी होते. तीही बहुधा आठ-पंधरा दिवसांत बरी होते. त्रास फार असेल तर त्यावर इलाज आहे.

मात्र ताप येऊन मान ताठली, झटका आला, गुंगी आली, पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर एक तासही थांबू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट विसरू नका. पाठीत सुई कधी व कशासाठी घेतली, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दवाखान्याचा कागद फडावर जातानाही जवळ ठेवा. तो नसेल तर डॉक्टर साध्या डोकेदुखीची गोळी देऊन परत पाठवण्याचा संभव असतो.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला आपल्या हातांनी आंघोळ घातली. अंगारा लावला नाही. घरातल्या बाळंतिणीचे डोके दुखत असेल, तर तिला "सहन कर" म्हणू नका. तिला दवाखान्यात न्या.