फ्रान्सच्याच कीबोर्डवर फ्रेंच का अडतं?

फोनवर फ्रेंच लिहिणं सोपं आहे. ई दाबून धरा, वरच्या पट्टीतून हवा तो अॅक्सेंटवाला ई निवडा. कॅपिटल हवा असेल तर आधी शिफ्ट दाबा. संपलं. पण हेच काम फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या विंडोज लॅपटॉपवर करून बघा.

तिथला कीबोर्ड 'अझर्टी'. वरच्या ओळीत ए, झेड, ई, आर, टी, वाय अशी अक्षरं, म्हणून हे नाव. 'दोन'च्या कीवर अॅक्सेंटवाला छोटा ई थेट मिळतो. शिफ्ट धरून तीच की दाबली की कॅपिटल यायला हवा, पण येतो 2 हा आकडा. कॅप्स लॉक लावलं तरी 2 च. मग ऑल्ट धरून नंबर पॅडवर 0201 टाइप करायचं. आता नंबर पॅड नसलेल्या लॅपटॉपवाल्याने काय करायचं? तो बहुतेक वेळा अॅक्सेंट सोडूनच देतो.

सोडलं तर बिघडतं काय? फ्रेंचमध्ये 'इंतेर्न' म्हणजे शिकाऊ डॉक्टर आणि 'इंतेर्ने' म्हणजे मनोरुग्णालयात ठेवलेला माणूस. कॅपिटलमध्ये अॅक्सेंटशिवाय लिहिले की दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. आपल्याकडे 'दर्या' आणि 'दऱ्या' एकसारखे छापले तर कसं होईल, तसंच.

जानेवारी 2016 मध्ये फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयानेच मान्य केलं की देशात विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर बिनचूक फ्रेंच लिहिणं जवळपास अशक्य आहे. मग 'आफ्नोर' या मानक ठरवणाऱ्या संस्थेने एप्रिल 2019 मध्ये नवं मानक काढलं. त्यात सुधारित अझर्टी आहे आणि 'बेपो' नावाची पूर्ण वेगळी मांडणीही. सुधारित अझर्टीत 26 अक्षरं आणि आकडे जागचे हलवले नाहीत. ॲट द रेटला मात्र थेट की मिळाली. जुन्या मांडणीत त्यासाठी ऑल्ट-जीआर लागायचं, म्हणजे ईमेल लिहितानाही दोन बोटं!

अडचण एकच, हे मानक ऐच्छिक आहे. कंपन्यांवर सक्ती नाही आणि सवय झालेले लोक नवी मांडणी मागत नाहीत.

मला विचाराल तर मूळ चूक कीबोर्डच्या प्लास्टिकमध्ये नव्हतीच. मॅकवर फ्रेंच मांडणीत कॅप्स लॉक लावून तीच की दाबली की कॅपिटल ई अॅक्सेंटसकट येतो. की तीच, छापलेलं चिन्हही तेच. फरक कोणती की दाबल्यावर कोणतं अक्षर द्यायचं हे ठरवणाऱ्या तक्त्याचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा. तो तक्ता बदलायला कारखाना लागत नाही, अपडेट पुरतो. विंडोज जुनी मांडणीच आधीपासून निवडून देत राहिलं, तर मानक कागदावर कितीही चांगलं असो, बहुतेक लोक सेटिंग उघडणारही नाहीत.

गंमत म्हणजे तुम्ही फ्रेंच शिकत असाल, तर तुमचा भारतीय लॅपटॉप या बाबतीत पॅरिसवाल्याच्या पुढे आहे. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' कीबोर्ड जोडा. एकेरी अवतरणचिन्ह दाबा, मग कॅपिटल ई: अॅक्सेंट हजर. त्याच चिन्हानंतर सी दाबला की शेपटीवाला सी मिळतो. कोडिंग करताना मात्र परत साध्या मांडणीवर या, नाहीतर अवतरणचिन्हामागे ए लिहिलात की त्याच्याही डोक्यावर अॅक्सेंट बसेल आणि एरर शोधत बसाल.