आज गुलाल कुणाचा?

बैलगाडी शर्यतीचा अंदाज बैलाच्या नावावरून बांधणं म्हणजे आडनाव पाहून दहावीचा निकाल सांगण्यासारखं आहे. एकतीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचे अंदाज भरपूर ऐकले. पहिल्या प्रकारचे हल्ली रोज ऐकतो. आमच्या सातारा-सांगलीकडे यात्रांचा हंगाम आला, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा जवळ आली, की पारापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत एकच विषय. "यंदा गुलाल कुणाचा?" आणि उत्तर म्हणून एखाद्या गाजलेल्या बैलाचं नाव! बकासूर आला म्हणजे झालं, विषय संपला.

आता बकासूर मोठा बैल, त्याबद्दल वाद नाही. पण मित्रहो, गाडीला एक बैल नसतो, दोन असतात. आणि आपल्याकडच्या मैदानात बरेचदा हे दोन बैल दोन वेगळ्या गावांचे, दोन वेगळ्या मालकांचे असतात. मालक आपापसात ठरवून ते एकत्र जुंपतात. त्याला पैरा म्हणतात. शब्द शेतातलाच आहे. माझा एक बैल, तुझा एक बैल, आज माझं रान, उद्या तुझं. तोच शब्द मैदानात गेला. तेव्हा पहिला प्रश्न "कोणता बैल आलाय" हा नसून "पैरा कुणाशी आहे" हा असला पाहिजे. एक बैल सुटतानाच वारा आणि दुसरा शेवटच्या टप्प्यात जोर धरणारा, अशी जोडी कागदावर छान दिसते, पण जूवर एकमेकांना ओढत राहते. शिवाय एखादा बैल डावीकडे जुंपला तर सरळ पळतो आणि उजवीकडे घातला की मान वाकडी करतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने पैज तर सोडाच, मतसुद्धा देऊ नये.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जुन्नर-खेडकडे घाटात गाडा एकटा पळतो, पुढे घोडी असते आणि किती सेकंदांत वर गेला ते मोजतात. आपल्याकडे तसं नाही. इथे पाच-सात-नऊ गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून एकदम सोडतात आणि पहिली येईल ती पुढे. आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल. प्रत्येक गाडीच्या वाटेला तास म्हणतात, आणि कोणाला कोणता तास येणार हे चिठ्ठीवर. म्हणजे गुलाल घेणारी जोडी त्या एका दिवसात तीनदा पळालेली असते. सकाळच्या गारव्यात एकदा, भर उन्हात एकदा आणि सूर्य कलल्यावर एकदा.

माझ्या मते अंदाजाचं सगळं मर्म या तीनच्या आकड्यात आहे. सकाळी गट दहा हातांनी मारणाऱ्या जोडीवर पब्लिक फिदा होतं. मी मात्र ती जोडी थांबल्यावर कशी उभी राहते ते बघतो. बरगड्या किती वेळ हलतात, बैल पाण्याला तोंड लावतो की नुसताच हुंगतो, मागचा पाय झटकतो का. आणि तास बघतो. कडेच्या तासाला माणसं खेटून उभी असतात. शिट्ट्या, मोबाईल, टोप्या. बुजरा बैल तिथे आत कलतो आणि दुसऱ्याच्या तासात घुसला की निकालातून बाद. मधल्या तासांची माती दुपारपर्यंत चाकांनी भुसभुशीत झालेली असते, तिथे हलक्या अंगाचा बैल बरा. सकाळी सांगितलेला अंदाज दुपारी चिठ्ठी निघाल्यावर बदलायला लाज वाटू नये.

दात बघणं तर आलंच. दूधदाती तो आदत, मग दुसा, चौसा आणि शेवटी जुळलेला. आटपाडी भागात मी शाळेवर असताना गणितात कधी पासच न होणारी दोन-तीन पोरं वर्गात होती. ती पोरं खरसुंडीच्या पौषातल्या बाजारात खोंडाचा जबडा उघडून वय असं बिनचूक सांगायची की व्यापारी गप्प बसायचा. खूर काळा आणि बंद हवा, कातडी पातळ, अंग लांब, शेपटी निमुळती, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. खिलार पारखण्याची ही विद्या माणदेशात घरोघर होती. अंदाज म्हणजे तीच विद्या, फक्त पळत्या बैलावर वापरलेली.

घोड्यांच्या शर्यतीत हे सगळं छापून येतं. मुंबईला महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडा मागे कधी, किती अंतर, किती वजन घेऊन, कितवा आला, ते पुस्तकात मिळतं. सरस घोड्यावर जास्त वजन घालून सामना बरोबरीचा करण्याचीही तिथे पद्धत आहे. म्हणून तर 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे, असा निकाल दिला. बैलांच्या शर्यतीवर पैसे लावायला अशी मुभा नाही, आणि ती नाही हेच बरं. पण कौशल्य मात्र इथेही तितकंच आहे, किंबहुना जास्त, कारण इथलं पुस्तक माणसांच्या डोक्यात आहे.

आता जरा कडू बोलतो. हा अंदाज खोटा ठरवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मार. चाबूक, खिळा, बॅटरीचा झटका. मारलेला बैल गटात पळतो, कधी सेमीही काढतो, आणि फायनलला मान टाकतो. किंवा टाकत नाही आणि नंतर महिनाभर गोठ्यात बसून राहतो. दोन्हीकडे पारख करणारा फसतो, कारण त्याने बैल वाचलेला असतो आणि धावलेली असते भीती. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या त्या काही हौसेने नाही. आपल्याकडच्या मंडळींना तेव्हा फार राग आला होता, अजूनही काहींना आहे. 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, तो न्यायालयात अडकला, 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. परवानगी अटींवर आहे. हजार मीटरच्या वर अंतर नको, बैलाला इजा नको, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. मैदानात निवेदक या अटी माईकवरून वाचून दाखवतो. त्याच वेळी कुठल्यातरी गाडीमागे कोणीतरी खिशात हात घालून उभा असतो, हे मैदानात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पूर्वी बक्षीस म्हणजे ढाल आणि थोडे पैसे. आता चारचाकी गाड्या लावतात. बैलाची किंमत लाखांत गेली, खिलार खोंड पुन्हा राखले जाऊ लागले, ही चांगलीच गोष्ट. ट्रॅक्टर आल्यापासून हा जनावर कुणाला नको झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एवढं मोठं बक्षीस समोर असलं की "आज जोडी दमली आहे, फायनल सोडून देऊ" असं म्हणणारा मालक दुर्मिळ होतो. असे मालक मी पाहिले आहेत. लोक त्यांना हसले. त्यांची जोडी पुढच्या यात्रेला ताजी होती.

म्हणून माझं मत असं की सेमीफायनल आणि फायनल यांच्यामध्ये पुरेशी विश्रांती सक्तीची करावी आणि त्या वेळात पशुवैद्याने प्रत्येक बैल पाहावा. पब्लिक ओरडेल, उशीर होतो म्हणेल. ओरडू दे. तेवढा वेळ लोकांनी बैल बघावेत. नाहीतरी आजकाल बैल बघायला वेळ कुणाला आहे? मोबाईलवर मागच्या मैदानाचा व्हिडिओ बघून अंदाज सांगतात आणि बैल वीस पावलांवर उभा असतो!

असो. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो आदतचा गट. तिथे कुणाचं नाव झालेलं नसतं, कुठला व्हिडिओ नसतो, मागचा निकाल नसतो. नुसतं खोंड, त्याचे पाय आणि तुमचे डोळे. मैदानातली निम्मी माणसं तेव्हा भजी खायला गेलेली असतात, त्यामुळे दोरीजवळ जागाही चांगली मिळते.