स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी आणि कोर्टातली मध्यस्थी

१ जुलै २०२५ पासून तीन महिने देशभरातल्या कोर्टांत ‘मीडिएशन फॉर द नेशन’ नावाची मोहीम चालवली गेली. तालुका कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत पडून असलेली प्रकरणे मध्यस्थीने मिटवायची, हा तिचा हेतू. वैवाहिक वादही त्या यादीत होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी समिती यांनी ती जाहीर केली, तेव्हा सरन्यायाधीशपदावर भूषण गवई होते, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. त्यांच्या शपथविधीचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला. त्यांच्याच काळातल्या या मोहिमेची चर्चा मात्र आपल्या वस्त्यांत आणि विहारांत फारशी ऐकू आली नाही. गरज तर आपल्यालाच जास्त होती, असे आमचे म्हणणे आहे.

कारण खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यात नवरा-बायकोचे फाटले की पहिली पायरी कोर्टाची नसते, बैठकीची असते. मुलीकडचे चार, मुलाकडचे चार, मंडळाचे पदाधिकारी, लग्न लावणारे बौद्धाचार्य, एखादा पक्षाचा कार्यकर्ता. बैठक रविवारी, कारण कंपनीला सुट्टी तेव्हाच. दोन-तीन रविवार समजूत घालण्यात जातात. नाही जमले तर भांडी-कपाट परत, दागिने परत, थोडी रक्कम आणि स्टॅम्प पेपरवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही’ असा मजकूर. दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या. झाली फारकत!

हा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नालाही आज हिंदू विवाह कायदा १९५५ लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा हवा ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे, पण तो होईपर्यंत लग्न मोडायचे तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे खरी. मात्र तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार आहे, हे सांगणाऱ्याने कोर्टात मांडून सिद्ध करावे लागते. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच बजावले. आता गंमत पाहा: ज्या जातीच्या रूढी आपण १९५६ साली नागपुरात मागे टाकल्या, त्याच रूढींचा पुरावा गोळा करत फिरायचे का? नोटरीचा शिक्काही उपयोगाचा नाही. नोटरींनी लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असे केंद्राच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी कळवले आहे.

याची किंमत लगेच कळत नाही, वर्षांनी कळते. स्टॅम्प पेपरच्या भरवशावर मुलगा दुसरे लग्न करतो. कायद्याच्या नजरेत ते लग्नच नसते. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तो सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरू शकतो. पुढे कारखान्यात अपघात झाला, माणूस गेला, की पीएफ पेन्शनच्या कागदांवर कायदेशीर पत्नी कोण हा प्रश्न उभा राहतो. जिने दहा वर्षे संसार केला ती दुसरी बाई रिकाम्या हाताने परत येते. तिची मुले कायद्याने औरस मानली जातात, पण ती स्वतः विधवा मानली जात नाही. पहिली बाईही सुखात असते असे नाही. बैठकीत मिळालेले चाळीस-पन्नास हजार संपलेले असतात आणि पुन्हा लग्न करायचे तर तिच्याही गळ्यात तोच अर्धवट कागद.

याउलट मुंबईतले एक गाजलेले प्रकरण तरुणांना आठवत असेल. क्रिकेटपटू युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोटासाठी अर्ज केला. समाजमाध्यमांवर सगळे ४ कोटी ७५ लाखांच्या आकड्यावर बोलले. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या अटी मध्यस्थीत ठरून लिहिल्या गेल्या होत्या. सहा महिन्यांची मुदत माफ करायला कुटुंब न्यायालयाने नकार दिला, कारण ठरलेल्या रकमेपैकी निम्मीच दिली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने कागद वाचला. दुसरा हप्ता घटस्फोटाच्या हुकुमानंतर द्यायचा, असे त्यात लिहिलेलेच होते. म्हणजे अट मोडलेली नव्हती. १९ मार्चला मुदत माफ झाली, दुसऱ्या दिवशी घटस्फोट. कोटींचा हिशोब त्यांचा त्यांच्याकडे राहो; कधी किती पैसे द्यायचे हे नीट लिहिलेले होते म्हणून काम झाले, ही गोष्ट पंधरा हजार पगाराच्या घरालाही तितकीच लागू आहे.

कोर्टाच्या मध्यस्थीत नेमके काय होते? न्यायाधीश प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवतात. मध्यस्थ म्हणजे प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा न्यायाधीश. तो निकाल देत नाही, कुणाची चूक हे ठरवत नाही. दोघांना एकत्र बसवतो, मग वेगवेगळे ऐकतो. तिथे बोललेले पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे माणूस मोकळा बोलतो. आपल्या बैठकीत हे कधीच होत नाही. तिथे बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत शिळफाट्यावर पोचलेला असतो. समझोता झाला तर तो लिहून, सह्या करून कोर्टात जातो. मग कलम १३-ब खाली संमतीचा घटस्फोट मिळू शकतो. त्यासाठी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असावे लागतात. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचे असते, पण मध्यस्थीचे प्रयत्न संपले असतील आणि बाकीच्या अटी पूर्ण असतील तर ती मुदत माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणात सांगितले.

मध्यस्थीत बसणाऱ्या भगिनींना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. शेवटच्या तारखेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते, म्हणून सगळ्या तक्रारी आधी मागे आणि पैसे नंतर, असा क्रम मान्य करू नये. हप्ते कोर्टाच्या तारखांना बांधून घ्यावेत. आणि ‘मुलांसाठी काही मागणार नाही’ असे आईने लिहून दिले तरी मुलांचा पोटगीचा हक्क संपत नाही. तो हक्क मुलांचा आहे, आईने सोडायचा नाही.

मध्यस्थी सगळ्यावर औषध आहे असे आम्ही म्हणणार नाही. जिला मारहाण झाली आहे, तिला मारणाऱ्यासमोर बसवून ‘दोघांनी थोडे थोडे सोडा’ म्हणणे हा समेट नाही. त्या मोहिमेच्या यादीत कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणेही होती, हे आम्हाला खटकले. अशा वेळी आधी संरक्षणाचा आदेश आणि राहायची सोय. त्यासाठी खालापूर किंवा कर्जतच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मध्यस्थी नंतर, तिची इच्छा असेल तर आणि वेगळ्या खोलीत. मध्यस्थीत ‘नाही’ म्हणायचा हक्क कायम असतो. वस्तीच्या बैठकीत तो नसतो, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्या घराकडे दुसऱ्या दिवसापासून कोणी बघत नाही. रायगडला वाळीत प्रकरणांचा इतिहास आहे आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून राज्यात लागू आहे, हे पंचांनी लक्षात ठेवलेले बरे.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आपापसात मिटवणे हीच बुद्धाची शिकवण. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडतात, तेव्हा सिद्धार्थ काय सुचवतो? दोन्हीकडून दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्यांनी वाद मिटवावा. दोन्ही बाजूंना सारखे वजन, ही त्यातली अट. आपल्या बैठकीत मुलाकडची माणसे बहुधा जास्त असतात, मुलगी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी असते आणि तिच्या वतीने मामा बोलतो. हिंदू कोड बिलात स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेब संसदेत लढले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तो हक्क कोर्टात वापरायचा होता. मामाच्या सहीने निकालात काढण्यासाठी तो मागितला नव्हता.

मंडळांनी या कामातून अंग काढावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. रुसलेल्या दोन घरांना एका जागी आणण्याची ताकद आजही मंडळाकडेच आहे, कोर्टाच्या नोटिशीत ती नाही. बैठक जरूर घ्यावी. मुलीला स्वतः बोलू द्यावे, आणि समजूत पटत नाही असे दिसले की स्टॅम्प पेपर न काढता तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या पुरुषालाही मिळतो, आणि बौद्धांना तो दाखला १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळू शकतो. सासर कल्याणला असो वा साताऱ्याला, माहेरी खोपोलीत राहणारी मुलगी आपल्याच भागातल्या सक्षम कोर्टात अर्ज करू शकते. तशी सोय २००३ च्या दुरुस्तीने झाली आहे.

विधी सेवेची मोफत हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना दोघांची आधारकार्डे, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची नोंदणी केली असेल तर तो दाखला, नसेल तर बौद्धाचार्यांनी दिलेले प्रमाणपत्र, पत्रिका आणि लग्नातले फोटो सोबत न्यावेत. जुना स्टॅम्प पेपर घरात असेल तर तोही न्यावा आणि वकिलाला आधीच दाखवावा.