तिशीतली शाळकरी पोरं

"मावशी, तुझा तो 'ग्रीस' बघितला एकदाचा," भाची म्हणाली. "गाणी भारी आहेत. पण पोरीनं एका पोरासाठी स्वतःला एवढं बदलायचं? आणि ती पोरं शाळेतली कुठून वाटतात गं? सगळी आमच्या सरांच्या वयाची!"

भाची सोळा वर्षांची आहे, त्यामुळे शाळेत कोण शोभतं आणि कोण नाही, याबाबत तिचा शब्द प्रमाण. जुन्या संगीतपटांवर या सदरात मी बरंच लिहिलं, पण 'ग्रीस'ला हात घातला नाही तो याच दोन आक्षेपांच्या धास्तीनं. दोन्ही रास्त आहेत. तरीही तो टीव्हीवर लागला की मी भाजी निवडायची ठेवून बसते.

आधी वयाचं बघू. १९७७च्या उन्हाळ्यात चित्रीकरण झालं तेव्हा डॅनी झालेला जॉन ट्रव्होल्टा २३ वर्षांचा होता. सँडी झालेली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन २८ची. आपण शाळकरी दिसणार नाही या भीतीनं तिनं आधी स्क्रीन टेस्ट घ्या, मगच होकार देते, असं सांगितलं होतं. रिझो झालेली स्टॉकर्ड चॅनिंग तर ३३ वर्षांची! आपल्याला हे नवं नाही. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही नायिका होऊन उभे राहत आणि प्रेक्षक गाण्यापुढे वय विसरत. 'ग्रीस'मध्ये मात्र वय विसरायला होत नाही. गुलाबी जॅकेट घातलेली तेहतीस वर्षांची बाई सोळाव्या वर्षाचं सोंग आणते, आणि ती जिचं सोंग आणते ती सोळा वर्षांची मुलगी तेहतीस वर्षांच्या बाईचं. हा दुहेरी मामला मला या चित्रपटाचा प्राण वाटतो. त्या वयात आपण तरी दुसरं काय करत होतो? आरशासमोर कॉलर वर करून बघायचो, कोपऱ्यावरच्या दुकानात उगाच जाड आवाजात बोलायचो.

मुळातलं नाटक बरंच राकट होतं. जिम जेकब्स आणि वॉरेन केसी या दोघांनी ते १९७१ साली शिकागोच्या एका छोट्या थिएटरात केलं. जेकब्स ज्या शाळेत शिकला तिथली कामकरी घरांतली, केसांना तेल चोपडून फिरणारी पोरं त्यात होती, त्यांच्या शिव्यांसकट. १९७२मध्ये नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि १९८०मध्ये उतरलं तेव्हा त्याचे ३,३८८ प्रयोग झाले होते. ब्रॉडवेवर तोवर कुठल्याच नाटकाचे इतके झाले नव्हते. चित्रपट करताना निर्माते रॉबर्ट स्टिगवुड आणि ॲलन कार यांनी हे सगळं उचलून कॅलिफोर्नियाच्या उन्हात नेलं. शिकागोचा काळपटपणा गेला, शिव्या बऱ्याच गळल्या. नाटकातल्या सँडीचं आडनाव पोलिश होतं. ऑलिव्हिया मेलबर्नमध्ये वाढलेली, तिच्या उच्चारांसाठी सँडी ऑस्ट्रेलियन झाली. मला त्या गेलेल्या शिकागोची थोडी हळहळ वाटते. पण ते शिकागो तसंच ठेवलं असतं तर १९७८मध्ये अमेरिकेत सर्वाधिक गल्ला जमवणारा चित्रपट हाच ठरला असता का, शंकाच आहे.

काळाचं भान तर विचारूच नका. कथा १९५८-५९च्या शालेय वर्षाची, आणि शीर्षकगीत बी जीजच्या बॅरी गिबनं लिहिलेलं, अगदी डिस्कोच्या ठेक्यावर! नऊवारीवर बूट घालावेत तसं. लोकांना काही खटकलं नाही. व्हिएतनाम आणि वॉटरगेटनं शिणलेल्या अमेरिकेला पन्नासच्या दशकाचा उमाळा आलाच होता. १९७३मध्ये 'अमेरिकन ग्राफिटी' आला, १९७४पासून टीव्हीवर 'हॅपी डेज' सुरू झालं, त्याच लाटेत हाही. पण लाटेवर आलेलं लाटेबरोबर जातं. भाचीला १९५८ काय आणि १९७८ काय, दोन्ही सारखीच लांब. तिला एक गाणं मात्र पाठ आहे, 'समर नाइट्स'.

त्या गाण्याची रचना बघा. सुट्टीत समुद्रकिनारी डॅनी आणि सँडीची गाठ पडलेली. आता शाळा सुरू झाली आहे, आणि दोघं एकाच शाळेत आहेत हे दोघांनाही माहीत नाही. तो मैदानाकडेच्या लाकडी पायऱ्यांवर टोळक्याला ती गोष्ट सांगतोय, ती डबा खायच्या बाकांवर मैत्रिणींना. गोष्ट एकच. तो तिला तिखटमीठ लावून पराक्रम करतो, ती तिला साखरेत घोळून परीकथा करते. भोवतालची पोरं-पोरी खोदून खोदून विचारतात आणि उत्तरं आणखी फुगतात. नृत्यदिग्दर्शक पॅट्रिशिया बर्च. ब्रॉडवेवरच्या नाटकातले नाचही तिचेच, त्यामुळे टोळक्याची प्रत्येक उडी कुणाच्या तरी बढाईला जोर द्यायला येते. मग शेवटी लय एकदम मंदावते. दोघं आपापल्या घोळक्यातून जरा बाजूला होतात, आणि एकमेकांना न दिसता शेवटचा सूर एकत्र लावतात. ट्रव्होल्टाचा आवाज वर वर जात पार पातळ होतो. तेवढ्या दोन श्वासांपुरता डॅनी खरं बोलतो. त्याची टोळी तिथेच बसलेली असते, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

रिझोचं तसं नाही. ती पुरतं सोंग करते आणि सोंगाची किंमतही मोजते. आधी विग घालून ती सँडीच्या सोज्वळपणाची नक्कल करते. त्या काळी सँड्रा डी ही हॉलिवूडची आदर्श गुणी मुलगी, गाण्यातली थट्टा तिच्या नावानं. पुढे दिवस गेल्याची शंका येते, शाळाभर कुजबुज होते, आणि सगळ्या रंगीबेरंगी धिंगाण्यात ही बाई एकटीनं, जवळजवळ न हलता, एक गाणं म्हणते. १९५८ साली अशा मुलीपुढे कोणते रस्ते होते हे १९७८च्या प्रेक्षकाला नीट ठाऊक होतं. पटकथा मात्र घाबरते. शेवटच्या जत्रेत पाळण्यात बसलेल्या रिझोला शंका खोटी ठरल्याचं ओरडून सांगायला लावते आणि विषय संपवते. हा पळपुटेपणा मी कधीच माफ केलेला नाही. गाणं मात्र पटकथेला पुरून उरलं. तिथे मला चॅनिंगचं वय खटकत तर नाहीच, उलट हवंसं वाटतं. खऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला ते गाणं इतकं शांतपणे म्हणता आलं नसतं.

राहिला तो शेवट, सँडीचं बदलणं. घट्ट काळी विजार, चामडी जॅकेट, लाल सपाता, कुरळे केस. विजारीची चेन मोडकी होती, त्यामुळे ऑलिव्हियाला रोज आत घालून वरून शिवावं लागे. २०१९मध्ये तिनं ते जॅकेट आणि विजार लिलावात काढली तेव्हा चार लाख डॉलरच्या वर रक्कम आली. डॅनीही बदलतो, असा बचाव पुष्कळ जण करतात. धावण्याचा सराव करून त्यानं खेळाडूंचा स्वेटर मिळवलेला असतो. पण सँडी समोर येताच तो स्वेटर त्याच्या अंगावरून उतरतो. या बचावात फार दम नाही, आणि भाचीला मी तो ऐकवलाही नाही.

मी फक्त म्हटलं, "तेवढा प्रसंग पुन्हा लाव, आणि डॅनीकडे बघू नकोस."

तिनं लावला. सँडी येते, ओठांत सिगरेट, कमरेवर हात, डॅनी गार. आणि तिथेच तिचे डोळे क्षणभर बाजूला वळतात, मैत्रीण फ्रेंचीकडे. आता हिचं काय करू? फ्रेंची खुणेनं सांगते, टाक आणि पायानं विझव. सँडी तसंच करते, आणि मग पुन्हा तोऱ्यात.

"अय्या," भाची म्हणाली, "हिला तर काहीच येत नाहीये!"

तिनं रिमोट घेतला आणि प्रसंग मागे नेला. मग आणखी एकदा.