मागचा जिना

१२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे दिल्लीच्या करोलबागेतील एका हॉटेलास आग लागून १७ जण मृत्यू पावले. वऱ्हांड्याच्या भिंती लाकडाने मढविलेल्या. ज्वाळा पसरण्यास वेळ तो कितीसा लागणार? तेव्हापासून परगावी मुक्कामास गेल्यावर गाद्यागिर्द्या पाहण्यापूर्वी आम्ही मागचा जिना पाहतो. गेल्या लग्नसराईत उज्जयिनीस एका लॉजमध्ये उतरलो, तो त्या जिन्याच्या दारास भले थोरले कुलूप! व्यवस्थापकाने चोरांचे भय पुढे केले. म्हणजे सामान सुरक्षित आणि पाहुणे कोंडलेले! आतून ढकलताच उघडणारी, परंतु बाहेरून न उघडणारी कडी बाजारात मिळते, हे आम्ही त्यास सांगितले आणि कुलूप निघेपर्यंत नोंदवहीत सही केली नाही. (प्रवासाने शिणलेले कुटुंब आमच्यावरच रागावले, ते निराळे.) कुलूप निघाले, पण ते पुन्हा लावले नाही ना, हे रात्री दोनदा उठून पाहून आलो.