हलकी पुस्तके, मोकळी मते

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात जावे आणि कपाटांकडे जरा निरखून पाहावे. समग्र वाङ्मयाचे जाडजूड खंड कोरेकरकरीत उभे असतात. रहस्यकथांच्या कपाटात मात्र एका पुस्तकाची शिवण धड नसते. ही दुर्दशा नव्हे, हे वाचकांनी दिलेले प्रशस्तिपत्र आहे! तरीही हाच वाचक चारचौघांत खांडेकरांचे नाव घेतो आणि पिशवीतले बाबूराव अर्नाळकर लपवतो.

ही लाज त्याला शिकवली गेली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड महाराष्ट्रभर पोहोचले. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला ओळी किती आल्या? चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. कथा १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटला. न्यायमूर्तींना निकालासाठी कथा तपासावी लागली. नाके मुरडणाऱ्या किती जणांनी तेवढी तसदी घेतली असेल, हा प्रश्नच आहे.

आपल्या भागाला हा प्रश्न अधिक लागू आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९४८च्या मुक्तीनंतर अनेक घरांत पहिली मराठी शिकलेली पिढी उभी राहिली. तिला वाचनाची चटक जड ग्रंथांनीच लावली, असे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. पुढे काय झाले, या उत्सुकतेनेच माणूस पहिले पुस्तक संपवतो आणि दुसरे मागतो.

याच नांदेडात नरहर कुरुंदकर होते. पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांनी रणजित देसाईंना शिवचरित्राविषयी लिहिलेले दीर्घ पत्र 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. ऐतिहासिक कादंबरी हा तर लोकप्रियतेचा राजमार्ग. पण लोकप्रिय म्हणून कुरुंदकरांनी तिला ना डोक्यावर घेतले, ना झटकून टाकले. तिच्याशी त्यांनी बरोबरीने वाद घातला.

तो वारसा पेलण्याचा आव न आणता, नांदेड आणि लातूरच्या आम्ही सहा जणांनी गेल्या वर्षी एक उद्योग केला. पंधरवड्याला एक कादंबरी वाचायची : रहस्य, भय, विज्ञान, काहीही. मग चहा घेत मत सांगायचे. अट एवढीच की वाचल्याशिवाय बोलायचे नाही आणि 'छान आहे' म्हणून सुटायचे नाही.

काय हाती लागले? नारायण धारपांच्या भयकथांत समर्थ अवतरले की भीती पळते, त्यामुळे त्यांचे येणे जितके लांबेल तितके बरे, असे एका औषधविक्रेत्याचे मत. सुहास शिरवळकरांचे संवाद कट्ट्यावरून उचलून आणल्यासारखे. पण 'दुनियादारी'तल्या मुली आम्हाला मुलांच्या डोळ्यांनीच का दिसतात, असे एका निवृत्त शिक्षिकेने विचारले. १९८२च्या कादंबरीला तो प्रश्न विचारायला चाळीस वर्षे लागली. जयंत नारळीकरांचे विज्ञान पक्के, पात्रे जरा पातळ, हेही ठरले. याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाला नव्हे, कथेला दाद मिळावी म्हणून. कथेने पहिले बक्षीस मिळवले. मत कसे द्यावे, याचा याहून चांगला धडा नाही.

आणखी एक गोष्ट खटकली. आम्ही वाचलेल्यांपैकी एकाही कादंबरीत गुप्तहेर नांदेडच्या स्टेशनावर उतरला नाही. आपल्याकडे कंधारचा भुईकोट आहे, उदगीरचा किल्ला आहे, खरोशाची लेणी आहेत. दुष्काळ आणि किल्लारीचा १९९३चा भूकंप साहित्यात आला, यावाच हवा होता. पण केवळ दुःखापुरताच कथेत येणारा प्रदेश आपल्या वाचकाला अर्धाच भेटतो.

सर्वांत अस्वस्थ केले ते आमच्यातल्या धाकट्या सभासदाने. लातूरला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा हा मुलगा पहिल्या बैठकीत सगळे ऐकून म्हणाला, 'सर, मग यातले बरोबर मत कोणते?' कुणी हसले नाही. चार पर्यायांतून एक निवडायला आपण या मुलांना उत्तम शिकवले. लातूर पॅटर्नचा डंका उगाच वाजला नाही. पण जिथे पर्याय छापलेले नसतात तिथे काय करायचे, हे कोण शिकवणार? उद्या डॉक्टर झाल्यावर समोरचा रोगी चार पर्याय घेऊन येणार नाही. मतदान यंत्रावर नावे छापलेली असतात, बरोबर उत्तर नसते.

हलक्या पुस्तकाचा मोठा उपयोग इथे आहे. ज्ञानेश्वरीबद्दल बोलताना जीभ अडखळते. झुंजारबद्दल बोलायला कुणाची भीती? त्या निर्भय जागेतच माणूस 'मला पटले नाही, कारण...' असे वाक्य पहिल्यांदा उच्चारतो. त्यातले 'कारण' महत्त्वाचे. ते सापडले की मग जड पुस्तकही जड राहत नाही.

वर्षअखेरीस त्याच मुलाने एका गाजलेल्या रहस्यकथेचा शेवट फसवा आहे, हे पान क्रमांकासकट दाखवून दिले. आमच्यातल्या तिघांना ते मान्य झाले नाही. तोही हटला नाही.

वाचनालयांना एवढेच सुचवावेसे वाटते : देवघेवीच्या रजिस्टरशेजारी एक साधी वही ठेवा. पुस्तक परत करताना वाचकाने दोन ओळी लिहाव्यात, आवडले की नाही आणि का. शंभर पानी वहीला अनुदान लागत नाही.